हाताने घडवलेले दागिने आणि चित्रं रस्त्यावर विकायची, तर सुरुवात कुठून करायची?

दुकानात तयार वस्तू असते, पण ती करणारा माणूस नसतो. वस्तू आणि तिचा कारागीर एकाच वेळी समोर असण्याची सोय फक्त रस्त्यावर आहे. म्हणून रस्त्यावर मांडी घालून बसणाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे त्याचे चालते हात. येणारा-जाणारा आधी त्या हातांशी थांबतो, मालाकडे त्याची नजर नंतर जाते. जागा, मांडणी, दर, बोलणं हे सगळं या एका गोष्टीभोवती रचलं, तर कारखान्यातला स्वस्त माल शेजारी असला तरी तुमचा माल विकला जातो. हे ज्यांना जमत नाही ते तोच माल घेऊन दिवसभर बसतात आणि संध्याकाळी दर पाडून उठतात.

या लेखात मी ठरवण्यापासून आवरण्यापर्यंतचा क्रम धरला आहे. मात्र ज्या टप्प्यांवर लोक जास्त अडतात, तिथे जास्त वेळ थांबलो आहे.

आधी ठरवा: काय करायचं आणि काय नाही

दागिन्यांत सुरुवात कानातल्यांनी करा. त्यांना मापाची भानगड नसते, पातळ कार्डावर लावता येतात, वजन नसतं, आणि आवडलेली जोडी घ्यायला गिऱ्हाइकाला फार विचार करावा लागत नाही. अंगठीचं गणित उलटं आहे. एका नमुन्याची सात मापं ठेवायची म्हटली की भांडवल सातपट अडकतं, आणि नेमकं मागितलेलं माप संपलेलं असतं. अंगठ्या ठेवायच्याच असतील तर मागून उघड्या, थोड्या दाबता-सैल करता येणाऱ्या ठेवा. गळ्यातल्यासाठी ४०, ४५ आणि ६० सेंटिमीटर अशा तीन लांब्या पुरतात. मागे पाच सेंटिमीटरची जादा साखळी जोडली की बहुतेकांचं काम भागतं. मनगटाच्या माळेची लांबी मनगटाच्या घेरापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर जास्त हवी.

सुरुवातीला वीस नमुने करण्याचा मोह होतो. तो आवरा. चार-पाच नमुने निवडा आणि प्रत्येक नमुना तीन-चार रंगांत किंवा मण्यांत करा. लांबून पाहणाऱ्याला हे सगळं एकाच हातचं आहे हे कळलं पाहिजे. सगळीकडचं थोडं थोडं मांडलेला स्टॉल घाऊक बाजारातून माल उचलून आणल्यासारखा दिसतो, मग तुम्ही तो कितीही मेहनतीने केलेला असो.

धातूबद्दल खरं बोला

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथे गिऱ्हाइकाच्या अंगाचा प्रश्न आहे.

निकेलची ॲलर्जी पुष्कळ लोकांना असते. कानाच्या पाळीला खाज सुटते, लाली येते, कधी पाणी सुटतं. युरोपीय संघाने तर त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल झिरपलेलं चालेल याची मर्यादाच घातली आहे: आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम. टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागासाठी ती आणखी कडक आहे, ०.२ मायक्रोग्रॅम. तुम्ही जगात कुठेही विकत असा, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कानात जाणारी तार टायटॅनियम, नायोबियम किंवा खात्रीच्या चांदीची वापरा. बाकीचा लोंबता भाग पितळेचा असला तरी फारसं बिघडत नाही. तारेचा खर्च एका जोडीमागे थोडाच वाढतो, पण ‘माझे कान सोसत नाहीत’ म्हणून पुढे जाणाऱ्या बाईला थांबवायला तेवढं पुरतं.

‘जर्मन सिल्व्हर’ या नावाच्या धातूत चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चांदीसारखा चमकतो म्हणून ते नाव पडलं. तो चांदी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि निकेल न सोसणाऱ्याला तो त्रास देतो तो वेगळाच. स्टर्लिंग चांदी म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. त्यावर ९२५चा शिक्का असतो. शिक्का असलेली तार विश्वासू पुरवठादाराकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळ आणि तांबं घामाने त्वचेवर हिरवट डाग ठेवतात. तो धुतला की जातो, पण गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं असलं तर ते तक्रार घेऊन परत येत नाही. मुलामा दिलेली वस्तू असेल तर ‘मुलामा आहे, रोज वापरलात तर उतरेल’ एवढं सरळ सांगा.

खड्यांचंही तेच. बाजारात फिरोजा म्हणून मिळणारं पुष्कळसं साहित्य म्हणजे रंगवलेला हाउलाइट (एक पांढरट, स्वस्त खडा) असतो. रंगवलेला असला तरी तो देखणाच दिसतो, फक्त त्याला फिरोजा म्हणू नका. अ‍ॅमेथिस्ट दिवसेंदिवस कडक उन्हात राहिला तर फिका पडतो, ओपलला उष्णतेने तडे जाऊ शकतात, आणि मोत्याला अत्तर व घाम दोन्ही वैरी. म्हणजे उन्हात मांडताना हे खडे पुढच्या रांगेत नकोत. हस्तिदंत, कासवाचं कवच, वन्य प्राण्यांचे दात-नखं यांच्या वाट्याला जाऊच नका. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला. ‘आजीच्या पेटीतला जुना तुकडा आहे’ ही सबब चालत नाही.

जोड पक्का हवा

कानातल्याची तार करून पाहू. ०.८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे २० गेजची, साधारण साडेचार सेंटिमीटर तार कापा. एका टोकाला गोल पकडीने छोटी कडी वळवा. कडीचं तोंड पूर्ण मिटलं पाहिजे, नखाने चाचपलं तर फट लागता कामा नये. मग तार जाड पेनच्या नळीवर टेकवून वाकवा, म्हणजे प्रत्येक जोडीची कमान सारखी येते. शेवटचं टोक पकडीने किंचित बाहेर वळवा. आता खरं काम: कटरने कापलेलं ते टोक सुरीच्या पात्यासारखं धारदार असतं. बारीक कानसीने ते चारी बाजूंनी फिरवून गोल करा, नंतर बारीक पॉलिश पेपर फिरवा. टोक पातळ रेशमी कापडावरून ओढून पाहा. एकही धागा अडकला तर परत कानस घ्या. हे टोक रोज कुणाच्या तरी पाळीतून जाणार आहे.

साखळीच्या कड्या जोडताना दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे अशी तिरकी उघडा आणि तशीच मिटवा. फाकवून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि त्या फटीतून पातळ साखळी निसटते. लवचीक दोऱ्यावर मनगटाची माळ ओवत असाल तर दोरा आधी दोन-तीनदा ताणून घ्या, नाहीतर तो विकल्यावर सैल पडतो आणि मण्यांत फट दिसते. मोती किंवा महाग मणी असतील तर प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी पडतो.

चित्रं विकायची असतील तर

मूळ चित्र आणि त्याच्या प्रती या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, तसंच मांडा आणि तसंच सांगा. रस्त्यावर मूळ चित्रं थोडी विकली जातात, पण ती समोर असल्याशिवाय प्रतींना किंमत येत नाही. दोन-तीन मूळ चित्रं डोळ्याच्या उंचीवर सावलीत टांगा आणि प्रती खालच्या पेटीत उभ्या लावा, म्हणजे लोक बोटांनी चाळत बसतील. चाळणारा माणूस थांबलेला असतो, आणि थांबलेल्याला पाहून आणखी कोणी थांबतं.

आकार पिशवीत मावेल असाच ठेवा. ए५ आणि ए४ सहज जातात. ए३ घेणाऱ्याला पुठ्ठ्याची नळी द्यावी लागते, आणि पुढे दिवसभर ती घेऊन फिरायचं म्हणून पुष्कळजण ‘येताना घेतो’ म्हणतात. येताना कुणी येत नाही. प्रत्येक प्रतीच्या मागे ताठ पुठ्ठा आणि वर पारदर्शक पाकीट हवं. कागद आम्लरहित आणि दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या वरचा घ्या. छपाई रंगद्रव्याच्या शाईने करून घ्या. साध्या विद्राव्य शाईच्या प्रतींचे रंग उजेडात लवकर उडतात. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची श्रेणी बहुधा छापलेली असते. अमेरिकी एएसटीएम मोजमापात ती १ किंवा २ असलेलेच रंग विकाऊ चित्रात वापरा. शंका असेल तर त्या रंगाची पट्टी ओढा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि दोन-तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा. कागद काढल्यावर दोन्ही भाग सारखे दिसले तरच तो रंग घ्या.

मर्यादित प्रती काढल्या तर चित्राखाली डावीकडे पेन्सिलने क्रमांक घाला, ७/५० असा, आणि उजवीकडे सही करा. पन्नास म्हणजे पन्नास. एकावन्नावी प्रत काढलीत तर आधीच्या पन्नास जणांचा शब्द मोडला. मूळ चित्र विकण्याआधी त्याचं चांगल्या उजेडात छायाचित्र किंवा स्कॅन घेऊन ठेवा, पुढच्या प्रती त्यावरच निघतात.

दुसऱ्याचं चित्र, कार्टूनमधलं पात्र किंवा कुणी काढलेला फोटो बघून केलेलं काम विकू नका. १८८६च्या बर्न करारानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरही किमान ५० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात, आणि पुष्कळ देशांत याहून जास्त काळ. लोकप्रिय पात्रांची चित्रं पटापट खपतात हे खरं आहे, पण त्यातून तुमचं नाव कधीच तयार होत नाही.

परवानगी

नियम शहरागणिक बदलतात, आणि गंमत अशी की चित्र आणि दागिना यांना एकच नियम असेल असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली बेरी खटल्यात संघीय अपील न्यायालयाने ठरवलं की चित्रं, छायाचित्रं, मुद्राचित्रं आणि शिल्पं विकणं ही अभिव्यक्ती आहे, त्यासाठी शहराने विक्रीचा सर्वसाधारण परवाना मागू नये. दागिने त्या यादीत नाहीत. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या प्लास द्यु तेर्त्र चौकात बसणाऱ्या चित्रकारांना नगरपालिकेची परवानगी लागते आणि जागा मिळते ती जेमतेम एक चौरस मीटर. भारतात २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची सोय केली आहे. म्हणून ‘तिकडे चालतं, मग इथेही चालेल’ असं गृहीत धरू नका.

नगरपालिकेच्या परवाना खात्यात जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा: कुठे बसता येतं, कोणत्या वेळेत, आणि माझ्या वस्तूला कोणता परवाना लागतो. मिळालेल्या कागदाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात स्टॉलवर ठेवा, मूळ कागद घरी. परवाना मिळायला वेळ लागत असेल तर तोवर आठवडी कारागीर बाजार, महोत्सव, एखाद्या दुकानदाराच्या ओट्यावरची भाड्याची जागा असे मार्ग आहेत. तिथे परवान्याचा भार बहुधा आयोजकावर असतो, आणि मांडणीचा सराव होतो तो तुमचा.

जागा पाहणं म्हणजे माणसांचा वेग पाहणं

गर्दी म्हणजे विक्री नव्हे. स्टेशनकडे धावणाऱ्या गर्दीत कुणी कानातलं लावून पाहत नाही. ज्या ठिकाणी पावलं आपोआप मंद होतात तिथे बसा: बागेच्या दाराशी, नाट्यगृहाबाहेर, जिथे लोक कुणाची तरी वाट पाहतात, जिथे फिरायला आलेले आहेत आणि कामाला निघालेले नाहीत.

पसंत पडलेल्या जागी माल न नेता जा. एकदा कामाच्या दिवशी, एकदा सुट्टीच्या. पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा: किती जण गेले, किती जणांनी मान वळवली, शेजारच्या विक्रेत्याकडे किती जण थांबले. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. मग पाया पाहा. जमीन उताराची आहे का, पाऊस आला तर पाणी कुठून वाहील, पाठीशी भिंत आहे का, संध्याकाळचं ऊन कुणाच्या डोळ्यांत जाईल. ऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जात असेल तर ते डोळे बारीक करून निघून जातं. दोन उंच इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी वारा भणाणतो, तिथे चित्रं टिकत नाहीत.

दुकानाचं दार, पादचारी पट्टी, चाकाच्या खुर्चीचा उतार हे कधीही अडवू नका. पहिल्या दिवशी शेजारच्या दुकानदाराशी आणि आधीपासून बसणाऱ्यांशी स्वतःहून बोला. ते जे विकतात त्याच्याशी टक्कर होणार असेल तर चार पावलं सरका. पुढे तुम्हाला पाच मिनिटं उठायचं झालं की तुमच्या मालावर नजर ठेवणारी तीच माणसं असतात. आणि एकदा जागा ठरली की सोडू नका. ‘मागच्या वेळी इथेच बसला होता ना?’ म्हणत परत येणारं गिऱ्हाईक ही जागेची खरी कमाई.

मांडणी

जमिनीवर अंथरलेली पथारी स्वस्त पडते, पण दागिन्यांसाठी ती वाईट. वाकून पाहणारा माणूस फार वेळ वाकत नाही. माल कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात आणा. घडीचं टेबल कमी उंचीचं असेल तर त्यावर खोके ठेवून कापड टाका, पायऱ्या तयार होतात. मागची पायरी उंच, पुढची ठेंगणी. कार्डं सरळ आडवी न ठेवता तिरकी उभी करा, म्हणजे चालत्या माणसालाही दिसतात.

कापड एकाच रंगाचं, नक्षीविना, चमक नसलेलं. काळी मखमल चांदीला शोभते, पण भर उन्हात तापते आणि धूळ दाखवते. राखाडी किंवा फिकट तागाचं कापड जास्त दिवस साथ देतं. ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलं की टेबलाखाली खोकी, पिशव्या, पाण्याची बाटली सगळं झाकलं जातं.

रचना प्रकाराने करू नका, रंगाने करा. निळ्या मण्यांची जोडी, माळ आणि मनगटातलं एकत्र असलं की लांबूनच निळा पुंजका दिसतो, आणि ज्याला निळं आवडतं तो थेट तिथे येतो. सगळा माल एकदम बाहेर काढू नका. साधारण साठ टक्के मांडा, बाकी खाली ठेवा आणि विकलं जाईल तसं भरा.

आरसा हवाच, शक्यतो दोन. एक टेबलावर चेहरा दिसेल असा तिरका, दुसरा हातात धरायचा. हातातला आरसा तुम्ही गिऱ्हाइकाच्या हाती देता तेव्हा ते दहा सेकंद तरी तिथेच राहतं. संध्याकाळी दिवे लावणार असाल तर रंग खरे दाखवणारे, ९०च्या वर सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप) असलेले एलईडी घ्या. पांढरट उजेडात चांदी खुलते, पितळ-तांबं मात्र मरगळतं. दोन्ही असतील तर मधला, ४००० केल्व्हिनच्या आसपासचा उजेड बरा.

आणि तुम्ही? टेबलामागे मधोमध बसू नका, तिथे बसलेला माणूस पहारेकऱ्यासारखा वाटतो. टेबलाच्या कोपऱ्याला, थोडं तिरकं, उंच स्टुलावर बसा, म्हणजे उभ्या गिऱ्हाइकाच्या आणि तुमच्या नजरा एका पातळीत येतात. हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे.

स्टॉलवर काम करा

इथे काय करायचं हे आदल्या रात्री ठरवा. मध्येच सोडून बोलता येईल, दहा-वीस मिनिटांत काहीतरी पूर्ण होईल आणि पाहायला रंजक असेल असं काम निवडा: तार वळवणं, गाठी मारणं, मणी ओवणं, शाईने रेखाटन, छोटं व्यक्तिचित्र. ज्योत लागणारं डाग देण्याचं (धातू सांधण्याचं) काम, रेझिन, उग्र वासाचा गोंद हे घरीच. मणी पळू नयेत म्हणून फेल्ट लावलेला उथळ ट्रे वापरा. लहान मुलं येतात तेव्हा कटर आणि कानस ट्रेच्या तुमच्याकडच्या बाजूला असू द्या.

सर्वांत उपयोगी पडते ती शेवटची एक पायरी राखून ठेवण्याची रीत. माळ विकताना साखळी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर धरून हवी तेवढी आखूड करून द्या. कानातल्याच्या तारेऐवजी क्लिप हवी असेल तर तिथल्या तिथे बदला. ताम्रपट्टीवर आद्याक्षर ठोकून द्या. पकड उचलली की आजूबाजूचे दोघं-तिघं थबकतात. ज्याच्यासाठी ते केलं त्याच्या दृष्टीने ती वस्तू टेबलावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी झालेली असते, आणि त्यानंतर दराची घासाघीस क्वचितच होते.

दर कसा काढायचा

बहुतेक कारागीर साहित्याचा खर्च धरतात, करायला लागलेला वेळ अर्धामुर्धा धरतात आणि विकायला बसलेला वेळ विसरतात. पूर्ण हिशेब असा मांडा. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत, चलन कुठलंही समजा.

एका जोडीचं साहित्य ४०. तासाची मजुरी १२० ठरवली आणि जोडीला २५ मिनिटं लागली, तर मजुरी ५०. जागेचं भाडं, प्रवास, पाकिटं असा दिवसाचा खर्च ६०० आणि सरासरी वीस वस्तू विकल्या जातात, तर एकीमागे ३०. सहा तास बसलात त्याची मजुरी ७२०, वीसवर वाटली तर ३६. बेरीज १५६. न विकला जाणारा, मोडणारा माल आणि पुढचं भांडवल यासाठी वर पाचवा हिस्सा, म्हणजे ३१. दर साधारण १९०.

आता पुन्हा स्टॉलवरच्या कामाकडे या. त्या सहा तासांत बसल्या-बसल्या सहा जोड्या झाल्या, तर त्यांचे अडीच तास वेगळे धरावे लागत नाहीत. बसण्याची मजुरी आणि घडवण्याची मजुरी एकाच वेळात निघाली. ही बचत दर पाडायला वापरू नका, ती तुमच्या हातातच राहू द्या.

दर जास्त पडतो असं वाटलं तर आधी नमुना बदला. २५ मिनिटांची जोडी १५ मिनिटांत होईल असं काही करता येईल का ते पाहा. मजुरी कापून दर खाली आणणं हा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत वाईट मार्ग. दुकानदाराने घाऊक मागितलं तर तो साधारण दुपटीला विकणार हे धरा, आणि तुमचा स्वतःचा रस्त्यावरचा दर त्याच्या दुकानापेक्षा फार खाली ठेवू नका, नाहीतर तो पुन्हा घेणार नाही.

तीन थर असावेत: सहज उचलावं असं छोटं काही, मधला मुख्य माल, आणि एक-दोन मोठ्या वस्तू. मोठ्या वस्तू विकल्या गेल्या नाहीत तरी त्यांच्याशेजारी मधला दर वाजवी वाटतो. दर प्रत्येक वस्तूवर स्पष्ट लिहा. पुष्कळ लोक विचारायला संकोचतात आणि न विचारता निघून जातात.

बोलणं

‘या, बघा, काय पाहिजे?’ असं ओरडू नका. मान वर करून हसा आणि काम चालू ठेवा. माणूस वस्तूला हात लावेपर्यंत थांबा. त्याने जे उचललं त्याच वस्तूबद्दल एकच खरं वाक्य बोला: ‘ती तार टायटॅनियमची आहे, पाळीला लागत नाही,’ किंवा ‘हा खडा नदीकाठचा, मी नुसता घासला आहे.’ मग गप्प बसा आणि आरसा पुढे सरकवा. त्या शांततेत बोलत सुटणं हा नवख्यांचा मोठा दोष आहे.

कानातलं लावून पाहायला देताना ते कार्डासकट कानाशी धरून दाखवा. कुणी थेट पाळीत घातलंच तर परत आल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि ते सर्वांसमोर पुसा.

‘कमी किती?’ आलं की चिडू नका. दर एका वस्तूवर सोडू नका, दोन घेतल्या तर काय देऊ ते सांगा. ‘हे तर मी घरी करेन’ म्हणणाऱ्याला खुशाल करू द्या, हवं तर कोणती पकड घ्यायची तेही सांगा. त्यांतले बरेच जण कडी मिटवण्याचा प्रयत्न करून परत येतात. फोटो काढणाऱ्यांना मात्र ‘आधी विचारा’ अशी पाटी असू द्या. तुमचा नमुना उचलून कुणी स्वस्तात करेल याची धास्ती मी फार बाळगत नाही, कारण नमुना उचलता येतो, तुमचे समोर चालणारे हात येत नाहीत.

पैसे, चोरी, हवामान

सुट्टे पैसे घरूनच न्या. मोबाईलवरून पैसे आले तर ते स्वतःच्या फोनवर जमा झाल्याचं पाहिल्याशिवाय वस्तू हातात देऊ नका. समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पुरावा नव्हे. रोकड कमरेच्या किंवा खांद्यावरून आडव्या घेतलेल्या पिशवीत, टेबलावरच्या डब्यात नाही.

अंगठ्या खाचांच्या पेटीत ठेवा, म्हणजे रिकामी खाच चटकन दिसते. एका वेळी एकाच्या हातात दोनपेक्षा जास्त वस्तू देऊ नका. चार-पाच जण एकदम येऊन वेगवेगळे प्रश्न विचारू लागले तर काम खाली ठेवा, उभे राहा आणि एकेकाकडे पाहून बोला.

वरचं छत असेल तर तीन मीटरच्या मांडवाच्या प्रत्येक पायाला १५ ते २० किलो वजन बांधा. वाऱ्याने उडालेलं छत शेजाऱ्याच्या मालावर पडतं. एक मोठा प्लास्टिकचा कागद वर घडी करून ठेवा, पाऊस आला की तो आधी चित्रांवर. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते, म्हणून घरी नेताना ती हवाबंद छोट्या पाकिटांत घाला, आणि रबर बँड किंवा लोकर तिच्या जवळ नको.

घरी आल्यावर

वहीत चार रकाने आखा: काय विकलं, किती वाजता, हवा कशी होती, आणि कशाला लोकांनी हात लावला पण घेतलं नाही. चौथ्या रकान्यातून सर्वांत जास्त शिकायला मिळतं. एखादी जोडी वारंवार उचलली जाते आणि परत ठेवली जाते, तर नमुना बरोबर आहे, अडचण दुसरी आहे: जड आहे, तार नको त्या धातूची आहे, किंवा दर वरच्या थरातला आहे. कुणी हातच लावत नसेल तर आधी तिची टेबलावरची जागा बदलून पाहा, मगच ती बाद करा.

सांगून केलेलं काम घेताना अर्धी रक्कम आगाऊ घ्या, माप आणि रंग वहीत गिऱ्हाइकासमोर लिहा, त्याखाली तारीख टाका आणि त्या तारखेला त्याच जागी हजर राहा. प्रत्येक वस्तूबरोबर जपणुकीच्या दोन ओळी आणि तुमचं नाव असलेलं कार्ड द्या. तुमच्या हातची जुनी वस्तू तुटून परत आली तर ती तिथेच, रांग असली तरी, पकड घेऊन दुरुस्त करून द्या. लहानसहान दुरुस्तीचे पैसे घेऊ नका, आणि कडी कुठून उघडली ते नीट पाहा. पुढच्या खेपेला सगळ्या कड्या तिथेच जरा जाड तारेच्या करायच्या.